चार अंशांची रेघ

भिंगारच्या लष्करी हद्दीतल्या एका कचेरीत मी ड्राफ्ट्समन होतो, तेव्हाची ही गोष्ट. दुष्काळाची वर्षं होती. आमच्या साहेबांना गोल्फचा नाद आणि मैदानावर गवताची काडी नाही. चेंडू ज्या भोकात टाकायचा त्याच्याभोवती हिरवळीऐवजी तेलात भिजवलेली वाळू पसरलेली असे. खेळायला चौथा गडी कमी पडला की साहेब कचेरीतल्या कुणालातरी बोलावत.

पहिल्यांदा त्यांनी मला बोलावलं. मी इस्त्रीची पँट घालून गेलो. दोनदा काठी फिरवली, दोन्ही वेळा नुसती धूळ उडाली. साहेब हसले. "आप नक्शे ही बनाइए," म्हणाले. मग बाकीचे अधिकारीही हसले.

पुढच्या रविवारी त्यांनी आमच्या हेडक्लार्कना नेलं. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणत असू. कोल्हारकडच्या शेतकरी घरातले, पन्नाशीला टेकलेले, रुंद खांद्यांचे. गोल्फला ते शेवटपर्यंत 'गोलप' म्हणायचे. त्यांनी कुदळ उचलावी तशी काठी उचलली आणि चेंडू असा सरळ गेला, की साहेबांनी टोपी काढली. सोमवारी कचेरीभर तोच विषय.

मला ते सहन झालं नाही. एवढंच कारण. भाऊसाहेबांनी माझं कधी काही वाकडं केलं नव्हतं. उलट माझी बायको बाळंतपणात आजारी पडली तेव्हा त्यांच्या घरून महिनाभर डबा आला होता.

त्याच सुमारास साहेबांनी कुठल्याशा परदेशी मासिकात चित्रं पाहिली. काठीच्या दांड्यावर तांबडे-पांढरे पट्टे, आणि खालच्या लाकडी डोक्याच्या माथ्यावर एक पांढरी रेघ. पट्ट्यांमुळे काठी वर जाताना आणि खाली येताना कुठून फिरते ते डोळ्यांना दिसतं; आणि चेंडूपाशी उभं राहून रेघ ज्या दिशेला धरावी, त्या दिशेला चेंडू जातो. साहेबांची काठी मी तशी रंगवून दिली. ती बिनचूक होती. साहेब खूश झाले. आपली एक जुनी काठी त्यांनी भाऊसाहेबांना देऊन टाकली, आणि तीही तशीच रंगवून घ्यायला सांगितलं.

भाऊसाहेब ती धुतलेल्या फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलाशी आले.

"तुमचा हात लई सरळ हाय राव. तुमीच काढा."

पट्टे मी सुरेख काढले. मग रेघ. ती काठीच्या मारायच्या बाजूशी काटकोनात हवी. मी ती चार अंश तिरकी काढली. हात चुकला नव्हता. कोनमापक लावून पेन्सिलीनं खूण केली आणि मगच ब्रश ओढला. जास्त तिरकी काढली असती तर त्यांच्या लक्षात आलं असतं.

रोज संध्याकाळी क्वार्टरांच्या मागच्या माळावर ते सराव करू लागले. चेंडू उजवीकडे जायचा. ते उभ्या उभ्या रेघेकडे बघत, पुन्हा मारत, पुन्हा उजवीकडे. मी कट्ट्यावर बसून बघायचो. मग उठून शिकवायलाही लागलो.

"रेघेवरची नजर काढू नका, भाऊसाहेब. पट्टे कुठून फिरतात ते बघा. खांदा आत घ्या."

ते मुकाट्यानं खांदा आत घ्यायचे. एकदा घाम पुसत त्यांनी विचारलं, "रेघ तर सरळ हाय न्हवं?"

मी घरातून काटकोन तपासायचा गुण्या आणला, किंचित तिरका धरला आणि म्हणालो, "हा बघा काटकोन."

"मग माझंच काईतरी चुकतंय," ते म्हणाले.

महिन्याभरात त्यांचा तो मोकळा फटका पार बिघडला. अंग आखडून, मान ताठ करून ते उभे राहत. आता दुसऱ्या काठीनंही चेंडू सरळ जाईना; कधी उजवीकडे, कधी डावीकडे.

एका रविवारी बाहेरून पाहुणे अधिकारी आले. साहेबांनी भाऊसाहेबांना आपल्या बाजूनं घेतलं होतं. कचेरीतले आम्ही पाचसहा जण बघायला उभे होतो. भाऊसाहेबांचा पहिला चेंडू बाभळींत गेला. दुसराही. तिसरा उजवीकडच्या शामियान्यात शिरला आणि पाहुण्यांच्या बायका चहा पीत होत्या त्या टेबलावरची किटली घेऊन खाली पडला. कुणाला लागलं नाही. बायका आधी किंचाळल्या, मग हसायला लागल्या. मीही हसलो. मोठ्यानं हसलो.

साहेबांनी त्यांच्या हातातून काठी काढून घेतली आणि स्वतःची पिशवी त्यांच्या खांद्याला अडकवली. "तुम यही उठाओ."

हेडक्लार्क माणूस. त्यांनी पिशवी उचलली. त्या दिवशीच नव्हे, पुढे सगळा उन्हाळा, दर रविवारी, टळटळीत उन्हात ते साहेबांच्या मागून पिशवी घेऊन चालले.

मला वाटलं होतं, गंमत तिथं संपेल. भाऊसाहेब नगरला जाऊन डोळे तपासून आले. डॉक्टरांनी डोळे उत्तम आहेत म्हणून सांगितलं, तरी हट्टानं चष्मा करून घेतला. मग कचेरीतही तेच सुरू झालं. एक ओळ वाचताना खाली फूटपट्टी धरायचे. तीस वर्षं ज्यांचा कागद कुणी तपासला नव्हता, ते प्रत्येक तक्ता माझ्याकडे आणू लागले. "जरा बघता का? मला वळी तिरक्या दिसत्यात."

मी बघायचो. काही चुकलेलं नसायचं. तरी एखाद्या ठिकाणी पेन्सिलीनं टिंब करायचो आणि म्हणायचो, "इथं पुन्हा बघा." ते आपल्या टेबलाशी जाऊन तासभर तिथंच बघत बसायचे.

वर्षाच्या आत त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. निरोपाचं भाषण मी केलं. त्यांच्या जागेवर दुसरा माणूस आला, आणि साहेबांनी मला गोल्फला पुन्हा कधीच बोलावलं नाही.

दोनेक वर्षांनी नेवाशाला बायकोच्या माहेरी जाताना आमची एस.टी. घोडेगावात बंद पडली. बाजाराचा दिवस होता. जनावरांच्या गर्दीत भाऊसाहेब दिसले. वाळले होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला, की हात धरून चहाला नेलं. बायकोची, मुलाची चौकशी केली. ग्लास रिकामा होईपर्यंत त्या रेघेचं खरं काय ते माझ्या ओठांवर येत होतं. मी आणखी एक चहा मागवला, तरी बोललो नाही.

मग ते मला एका बैलापाशी घेऊन गेले. त्यांना तो घ्यायचा होता.

"पाय सरळ हायेत का बघा ह्येचे," ते म्हणाले. "माझ्या नजरंचा आता भरवसा न्हाई."

जन्म बैलांत गेलेला माणूस मला विचारत होता. मी उभ्या आयुष्यात कासरा हातात धरला नव्हता. मी बैलाभोवती एक चक्कर मारली, वाकून पाय बघितल्यासारखं केलं.

"सरळ आहेत. घ्या."

त्यांनी घेतला. तेवढ्यात कंडक्टरनं हाक मारली आणि मी गाडीत चढलो. तो बैल कसा निघाला, ते मला कधी कळलं नाही.