बेदाण्यांची बरणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. संघटनेत नाही, घरीही नाही. सभेत तासभर बोलणारी मी — पण ह्या एका गोष्टीवर तोंड शिवलेलं. मग तुम्हालाच का सांगतेय? ह्यातही माझा काही डाव असेल का? असेलही. संशय घ्यायची मला सवय आहे, आणि गोष्ट त्या सवयीपासूनच सुरू होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एकोणीस वर्षांची. नाशिकच्या कॉलेजात नावापुरती. बाकी वेळ संघटनेची पत्रकं लिहायची, वाटायची, मोर्चाच्या घोषणा जुळवायच्या. कुठे काही फुकट दिसलं की माझा पहिला प्रश्न — ह्यात फायदा कुणाचा? तेव्हा पिंपळगाव बसवंतला द्राक्षं निवडून पेट्यांत भरणाऱ्या एका पॅकहाऊसच्या मालकाने मागची खोली फुकट दिली. कुणाला? तर ज्या मुलांचे हातपाय मनासारखे हलत नाहीत, त्यांच्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या एका बाईंना. आठवड्यातून दोनदा त्या नाशिकहून एसटीने यायच्या. गावात सगळे त्यांना थेरपीवाल्या बाई म्हणत. मुलं बहुतेक त्या पॅकहाऊसमध्येच राबणाऱ्या बायकांची.

मालक आणि दानधर्म? माझ्या मनात पाल चुकचुकली.

एकदा जाऊन दारातून पाहून आले. पाच-सहा मुलं ओळीने बसलेली, पुढे ताटांत बेदाणे, आणि मुलं एकेक बेदाणा उचलून बरणीत टाकतायत. त्यात एक रूपाली. असेल सातेक वर्षांची. डावा हात जन्मापासून आखडलेला — आणि नेमका त्याच हाताने तिला उचलायला लावलेलं, उजवा मांडीखाली दाबून. घामाघूम झाली होती पोर. झालं! मला आणखी काय हवं होतं? परतल्या-परतल्या पत्रक लिहिलं — 'उपचाराच्या नावाखाली बालमजुरी!' शेवटची ओळ — 'आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.' आणि तिच्याखाली, पहिल्यांदाच, माझं नाव.

इथपर्यंत ती चूक होती. चूक कुणाचीही होते. मी सांगायला बसलेय ते ह्याच्या पुढचं.

छापखान्यातून गठ्ठे आले, त्याच दुपारी मी पुन्हा तिकडे गेले — तक्रारीसाठी मुलांची नावं हवी होती. खिडकीशी थांबले. रूपालीची बरणी नुकतीच भरली होती. बाईंनी ती उचलली आणि सगळे बेदाणे परत तिच्याच ताटात ओतले.

"बाई, तुम्ही लय खोट्या! मी भरते अन् तुम्ही सांडता!"

"पुढच्या खेपेला ह्याहून बारीक तोंडाची बरणी आणते, मग रड."

"आणा की! तीबी भरीन. अन् हे बेदाणे बदला आता, पार खडे झालेत."

तेच बेदाणे. कोण जाणे किती आठवडे, तेच. ते कुठल्या पेटीत भरले जात नव्हते, कुठे विकले जात नव्हते. बोटं सुटावीत म्हणून भरायचे, आणि पुन्हा भरता यावेत म्हणून ओतायचे. बस, एवढंच. मला कळलं — तिथेच, खिडकीशी उभ्या-उभ्या, लख्ख कळलं.

मग? मग मी काय केलं? स्टँडवर गेले आणि पत्रकं वाटली. सगळी. 'पण मालकाने खोली का दिली, हा प्रश्न उरतोच ना' — असं मनात घोकत. उरत होता का? उरलं होतं ते फक्त खाली छापलेलं माझं नाव.

मालक घाबरला. आठवड्याच्या आत खोलीला कुलूप लागलं. बाई एकदाच आमच्या कार्यालयात आल्या. भांडल्या नाहीत. "एकदा येऊन तासभर बसा, बघा तरी," एवढंच म्हणाल्या. सगळ्यांसमोर मी उत्तर दिलं — "आम्ही पाहिलंय." पाहिलंच होतं की.

रूपालीचा हात पुढे सुटला असता का? ठाऊक नाही. खोली चालू राहिली असती तर कळलं असतं.

मागच्या वर्षी ती पिंपळगावच्या बाजारात दिसली. आता सतरा-अठराची. उजव्या हातात काचेच्या बांगड्या, डावा मोकळा — मूठ उघडत नाही, बांगडी चढणार कशी? मी नजर चुकवून निघाले होते, पण तिच्या आईनेच ओळखून हाक मारली.

"रूपे, ह्या बघ त्या ताई! त्या बाईच्या तावडीतून ह्यांनीच सोडवलं तुला. नायतर राबवून राबवून मारलं असतं पोरीला."

तेव्हा तरी बोलायचं होतं. समोर दोघी उभ्या होत्या, मला कुठली घाई नव्हती, अडवायला कुणी नव्हतं.

रूपालीने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तिला ती बरणी आठवत असेल? मग नमस्कारासाठी तिने एकटा उजवा हात कपाळाशी नेला.

मी दोन्ही हात जोडले.