पान तीनशे बारा

ग्रंथालयात त्यांना सगळे तारीखकाका म्हणत. पुस्तक परत करायच्या तारखेचा शिक्का मारण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. एक दिवस उशीर झाला, तरी ते वाचकाकडे असं बघत, जणू त्याने त्यांच्या घरातली भांडी पळवली आहेत.

आता ग्रंथालयाची काचेची नवी इमारत झाली. खाली पोराटोरांचा गोंधळ, मधल्या मजल्यावर गाण्याची तालीम, वर शिवणाचा वर्ग. शिक्क्याचं काम एका यंत्राने हिसकावलं. काकांचा जीव तीळतीळ तुटला.

नव्या ग्रंथपालबाईंनी एक प्रदर्शन मांडलं. हलवाहलवीत पुस्तकं चाळताना पानांत वाचकांच्या खुणा म्हणून जे जे सापडलं, ते दोरीला चिमट्यांनी टांगलं: तिकिटं, वाणसामानाच्या याद्या, एक अख्खा कंगवा. प्रत्येकाखाली पानाचा आकडा. काका हसत हसत बघत निघाले आणि एका चिठ्ठीपाशी त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

‘शनिवारी सहाला फाटकापाशी याल का? मला तुम्ही आवडता.’ सही नाही. पान तीनशे बारा. अक्षर मात्र काकांचंच.

सव्वीस वर्षांपूर्वी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आठवड्यात दोनदा येऊन जाडजूड पुस्तकं बदलून नेत. तारीख कधी चुकवली नाही! असा वाचक शेवट गाठणारच, म्हणून काकांनी चिठ्ठी शेवटच्या पानात सरकवली. शनिवारी आठपर्यंत फाटकाशी ताटकळले. सोमवारी बाईंनी पुस्तक निमूट परत केलं. काकांनी तो नकार समजला. फार लागलं त्यांना. लग्नाच्या भानगडीत मग पडलेच नाहीत. आणि इतक्या वर्षांत दुसऱ्याही कुणी ते पुस्तक संपवलेलं नव्हतं! एरवी काका भडकलेच असते.

त्यांनी घाईघाईने चिमट्याला हात घातला.

“थांबा, वाचतेय मी.” मागे त्याच बाई उभ्या. त्याही एकट्याच राहिलेल्या, आता वरच्या मजल्यावर शिवण शिकवत. गळ्यात टेप. “हे अक्षर तुमचं. माझ्या कार्डावर कितीदा पाहिलंय.”

काकांनी चिमटा सोडला. “तुमच्यासाठीच होती. शेवटच्या पानात ठेवली होती.”

“शेवटच्या?” बाईंनी कपाळावर हात मारला. “अहो, दहाव्या पानावर मला डोळा लागतो! आजवर एक पुस्तक पुरं केलं असेल तर शपथ.”

“मग एवढी न्यायचात कशाला?”

“परत करायला यावं लागायचं म्हणून.” बाई टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. “शिक्का तुम्हीच मारायचात ना.”

काकांना हसावं की रडावं कळेना. “फाटक तर पाडलं,” एवढंच कसंबसं म्हणाले.

“दार आहे की. सहाला वर्ग सुटतो माझा.”

पाच वाजल्यापासून काका दारात. दार आपोआप उघडणारं. काका जरा चुळबुळले की उघडे, पुन्हा मिटे. पहारेकरी वैतागला. “काका, आत तरी या, नाहीतर बाहेर तरी जा!”

“सहापर्यंत मी इथून हलणार नाही,” काका म्हणाले.

त्या दिवशी बाईंनी वर्ग दहा मिनिटं आधीच सोडला.