थांबाकाकांचा पहारा

कारखान्यात त्यांना कुणी नावाने ओळखत नसे. फाटकावर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा पहिला शब्द एकच असायचा, "थांबा." पास बघितल्याशिवाय दुसरा शब्द तोंडातून निघायचा नाही. म्हणून ते थांबाकाका. एकदा मालकाच्या सख्ख्या भावाला त्यांनी पास नाही म्हणून भर उन्हात उभं केलं, आणि मालकाने सगळ्यांदेखत त्यांची पाठ थोपटली. घात तिथेच झाला म्हणायचा. माणसाची एकदा पाठ थोपटली की तो जन्मभर तीच पाठ पुढे करत राहतो.

पुढे एकदा आग विझवायची नळकांडी तपासायला माणसं आली. त्यांच्या पासची मुदत संपलेली. काकांनी त्यांना परत पाठवलं. ती पुन्हा आली, पुन्हा पाठवलं. शेवटी मॅनेजर कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो काका, उद्या आग लागली तर ती काय पास दाखवून येणार आहे?" सगळे हसले. काकाही हसले, पण आपलंच बरोबर होतं हे त्यांच्या डोक्यातून काही गेलं नाही. असे काका नोकरीतून सुटले, पण फाटक त्यांच्या अंगातून सुटलं नाही.

घरी राखायला होतं काय, तर दोन खोल्या, तोंडाने फटकळ पण मनाने निर्मळ बायको, आणि खिडकीजवळच्या टेबलावर कापडाने झाकून ठेवलेला कॉम्प्युटर. हा कॉम्प्युटर काकांना जिवापलीकडे होता, कारण त्यातून त्यांची लेक त्यांच्याशी बोलायची.

लहानपणी ही पोर इतकी बोलायची की घरात तिला टकळी म्हणत. लग्न झालं आणि टकळी बंद पडली. जावई चारचौघांत मधाचं बोट लावणारा, आणि घरात हात उगारणारा. हे आईबापांना फार उशिरा कळलं. एका दुपारी ती अंगावरच्या कपड्यानिशी माहेरी आली, थोडे दिवस राहिली, आणि मग लांबच्या एका शहरात चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. तिचा पत्ता जगात फक्त आईबाबांपाशी होता. जावई दोनदा दारात येऊन गेला. काकांनी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि ताकास तूर लागू दिली नाही. तो हसला, नमस्कार केला आणि गेला. काकांना वाटलं, गेला.

जाण्याआधी टकळीने बाबांना कॉम्प्युटरवर पत्र लिहायला शिकवलं होतं. "बाबा, अनोळखी माणसाचं पत्र उघडायचं नाही. फुकट मिळतंय म्हणून काही उतरवून घ्यायचं नाही. कुणाचा पेनड्राइव्ह लावू द्यायचा नाही. हेरगिरी करणारे प्रोग्रॅम असतात, ते असेच आत येतात आणि आपण काय लिहितो ते सगळं बाहेर पाठवतात. आणि मशीन अपडेट मागेल, ते मात्र करू द्या."

काकांनी मान डोलावली. पहिल्या तीन गोष्टी त्यांच्या काळजावर कोरल्या गेल्या. चौथी त्यांना पटली नाही.

कारण असं की ते अपडेट रोज सकाळी दारात हजर. पडद्याच्या कोपऱ्यात चौकट यायची, अपडेट तयार आहे, आता करू की नंतर? ना ओळख ना पाळख, आणि म्हणे मला आत घ्या. काका चष्मा वर सरकवून ती चौकट नीट वाचायचे आणि "नंतर"वर बोट दाबायचे. दाबताना हलकेच "थांबा" म्हणायचे.

"रोज विचारतंय बिचारं," बायको म्हणायची. "घ्या की एकदा आत. पोरीनेच सांगितलं होतं ना?"

"पोर लहान आहे. आत घेतलेला माणूस बाहेर काढता येत नाही, हे फाटकावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही."

"मग माझ्या वेळी कुठे होतं तुमचं फाटक?" असं म्हणून ती चहा ठेवायला निघून जायची.

टकळीची पत्रं लांबलचक असायची. पुन्हा बोलायला लागली होती ती. दुकानात आलेल्या म्हातारीने चष्मा डोळ्यावर चढवला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, अरे देवा, तुम्ही असे दिसता होय. अशा गमती. कोणत्या बसने जाते, खोली कितव्या मजल्यावर, खिडकीत एक रोप आणून ठेवलंय आणि त्याला दोन पानं फुटलीत, सगळं. काका एकेक पत्र बायकोला मोठ्याने वाचून दाखवत आणि मग दोन बोटांनी उत्तर लिहीत बसत. त्या दिवसांत घर सुखी होतं, आणि ते सुख आपल्या पहाऱ्यामुळे आहे अशी काकांची पक्की समजूत होती.

मग एक पत्र आलं. कारखान्यात हजेरी लावायच्या खोलीत बसणाऱ्या, टकळीच्या लग्नालाही आलेल्या जुन्या सोबत्याच्या नावाने. काका, आपल्या फाटकावरचा जुना फोटो सापडला, तुम्ही काय रुबाबात उभे आहात बघा. काकांनी नाव बघितलं. एकदा नाही, तीनदा बघितलं. ओळखीचं नाव म्हणजे पास, आणि पास असला की काका कुणाला अडवत नसत. त्यांनी फोटो उघडला. चौकट काळी झाली, क्षणभर थरथरली आणि मिटली. फोटो काही दिसला नाही. सोबत्याला पाठवता आला नसेल, म्हातारा झालाय, असं म्हणून काकांनी वर कापड टाकलं.

पुढच्याच महिन्यात टकळीचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"बाबा, तो आला होता. खोलीवर. शेजारच्या बाईंनी आरडाओरडा केला म्हणून वाचले. मनगट मोडलंय."

काकांनी बायकोला हाक मारली.

"दारात उभं राहून पहिलं काय विचारलं माहितीये? रोपाला पाणी घालतेस का म्हणाला. बाबा, रोपाचं मी फक्त तुम्हाला लिहिलं होतं. तुम्ही कुणाला सांगितलंत का?"

ज्या माणसाने जावयाला दारात उभं राहून तोंडावर खोटं सांगितलं, त्याला पोटच्या पोरीने हे विचारावं. काकांनी बायकोची शपथ घेतली, स्वतःची घेतली. टकळी "बरं" म्हणाली. त्या "बरं"ने त्यांचा जीव अर्धा झाला.

तक्रार झाली. जावई, बायकोला भेटायला गेलो होतो, ती जिन्यात पडली, असं सांगून सुटला. काकांनी गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेल्या बाईंना बोलावलं. बाई बराच वेळ मशीन तपासत राहिल्या. काका मागे उभे, हात पाठीशी बांधून, फाटकावर उभे राहत तसे.

"आहे," बाई म्हणाल्या. "हेरगिरीचा प्रोग्रॅम आहे. तुम्ही दाबलेलं प्रत्येक अक्षर आणि आलेलं प्रत्येक पत्र कुणाला तरी जात होतं. असलं आता विकत मिळतं, काका. त्या फोटोतून आलं. सोबत्याचं नाव नुसतं वर चिकटवलेलं."

"पण मी अनोळखी कुणालाच आत घेतलं नाही हो. हे रोज दारात यायचं, ते अपडेटसुद्धा मी एकदाही आत येऊ दिलं नाही."

बाईंनी खुर्ची वळवली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं.

"काका, कुंपणाला भोकं पडतात. ती बुजवायला गवंडी येतो. अपडेट म्हणजे तो गवंडी. हे ज्या भोकातून आलं ते बुजवायचं अपडेट कधीचंच येऊन तयार होतं. घेतलं असतं तर फोटो उघडूनही बहुतेक काही झालं नसतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे काकांनी आयुष्यात कितीदा ऐकलं होतं, लोकांना ऐकवलंही होतं. रोज सकाळी, चष्मा वर सरकवून, मोठ्या रुबाबात, त्यांनी गवंड्याला हाकललं होतं. त्यांना ती नळकांडी तपासायला आलेली माणसं आठवली. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकोने सगळं ऐकलं होतं. मी सांगत होते, असं ती म्हणाली असती तर काकांना बरं वाटलं असतं. ती म्हणाली नाही.

लेकीला फोन करून काकांनी स्वतःच सांगितलं. काही लपवलं नाही. ती ऐकत राहिली.

"तुमच्यावर राग नाही, बाबा," ती शेवटी म्हणाली. "पण मी दुसरीकडे जातेय. पत्ता सांगणार नाही. आईलाही नाही. हा नंबरही बंद करणार आहे."

"बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. निदान कुठल्या बाजूला ते तरी..."

"थांबा, बाबा," ती म्हणाली.

ती टोचून बोलली नव्हती. सहज आलं तोंडात, लहानपणापासून ऐकलेलं. काका थांबले. पास नव्हता त्यांच्याकडे.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसं झालं. दुरुस्तीवाल्या बाईंनी मशीन पुसून स्वच्छ करून दिलं आहे. आता काका रोज सकाळी कापड काढतात, चौकट आली की "आता"वर बोट दाबतात आणि ते काम संपेपर्यंत समोर बसून राहतात. मग पडद्यावर येतं, तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे. ते खरंच असतं. काका मग पत्रांची पेटी उघडतात.

"काही आलं का?" बायको आतून विचारते.

"नाही," काका म्हणतात, आणि कापड पुन्हा नीट घालून ठेवतात.