आईच्या गाण्यामागची टकटक

लिहिण्याच्या टेबलावर ठेवायला लहान स्पीकर घ्यायचे म्हणून मी दुकानात गेले होते. जुन्या घडणीचे, लाकडी खोक्याचे दोन जोड दुकानदारांनी शेजारीशेजारी मांडले. "रोजच्या ऐकण्यातलं काहीतरी लावा," ते म्हणाले. मी फोनमधलं आईचं भजन लावलं. दिवाळीत सांगलीच्या घरी ती सहज गायली होती, तेव्हा मी ते टिपून ठेवलं होतं.

पहिल्या जोडीवर आवाज भरदार आला. दुसऱ्या जोडीवर तो थोडा कमी भरला, पण आई समोर येऊन बसली. कडव्याआधी तिने घेतलेला श्वास ऐकू आला आणि त्याच्याही मागे, लयीत चाललेली एक हलकी टकटक. इतक्यांदा ऐकलेल्या गाण्यात ती मला कधीच सापडली नव्हती. मला राहवेना. मी तिथूनच आईला फोन लावला.

"आई, गाताना तू बोटांनी ताल धरतेस का गं?"

"माझे दोन्ही हात पेटीवर असतात. ते बाबा. समोर पेपर धरून बसतात, पण बोटं खुर्चीच्या हातावर चालू."

आपल्याला गाण्यातलं काही कळत नाही, असं बाबा आयुष्यभर सांगत आलेत. आपण नीट ऐकलं नाही, म्हणून आपलीच माणसं किती अर्धी ओळखीची राहतात! मी दुसरी जोडी बांधायला सांगितली.

फोनवर आईचा आवाज एकदम खाली आला. "त्यांना सांगू नकोस हं. कळलं तर थांबतील."