ताकदवाल्याची तीन बोटं

माझ्या दादाची पुस्तकं ज्यांनी लहानपणी वाचली असतील त्यांनी मला माफ करावं, पण ती पुस्तकं भिकार होती. हे मी तेव्हाही म्हणायचे, आणि त्याच्या तोंडावर म्हणायचे. पाच वीर, पाच शक्ती आणि पाचांत मिळून एक धड माणूस नाही. एक ताकदवाला, एक उडणारा, एक गायब होणारा, एक आग ओकणारा आणि पाचवी मुलगी, कारण मुलींनीही पुस्तक विकत घ्यायला हवं. तिला सगळ्यांच्या मनातलं कळायचं. तिच्या स्वतःच्या मनात काय आहे ते मात्र लिहिणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

ऐंशीच्या आसपासचे ते दिवस. आम्ही अंबडच्या बाजूला नव्यानं वसलेल्या कॉलनीत राहायचो, आई, दादा आणि मी. दादा एका कारखान्यात पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर होता. मी कॉलेजात जायचे आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. पाळी संपवून आला की जेवून दादा भिंतीला टेकायचा, मांडीवर पाट घ्यायचा आणि लिहीत बसायचा. रविवार कारंजाजवळच्या एका दुकानदाराला दर महिन्याला एक पातळ पुस्तक हवं असायचं. त्या शेठचा मूळ धंदा व्रतकथा, आरत्या नि पंचांगांचा. पोरांची पुस्तकं त्यानं जोडीला घेतलेली.

त्याची एक रीत होती. कव्हरं तो बाहेरून वर्षाची एकदम छापून आणायचा, रंगीत छपाई तशी स्वस्त पडते म्हणून. म्हणजे आधी कव्हर, मग गोष्ट. कव्हरावर ताकदवाला मगरीचा जबडा फाडत असला की दादानं गोदावरीत मगर आणायची. दर कव्हरावर पाचही जण हसत उभे, त्यामुळे त्यांच्यातलं कुणी मरणं, रुसणं किंवा म्हातारं होणं शक्यच नव्हतं.

"अरे, हा ताकदवाला भाग संपल्यावर घरी जाऊन काय करतो? त्याला आई आहे का? कुणी जेव म्हणतं का त्याला?" मी विचारायचे.

"तो घरी जात नाही. भाग संपला की तोही संपला," दादा म्हणायचा. "पोरांना मारामारी लागते गं. तुझं कॉलेज तुझ्यापाशी ठेव."

मग आई आतून ओरडायची, "गप बसा दोघं. त्या पाचांपायी माझ्या घरात रोज महाभारत!"

त्या पावसाळ्यात दादाचा उजवा हात प्रेसखाली गेला. तीन बोटं गेली. अंगठा नि करंगळी तेवढी राहिली. सिव्हिलमधून घरी आला तेव्हा तो आधीसारखाच होता, जेवायचा, पेपर वाचायचा. पण दाराबाहेर पाऊल टाकेना. कुणी आलं की हात चादरीखाली. कारखान्यानं स्टोअरमध्ये बसून करायचं काम देऊ केलं होतं, जागा थोडे दिवस राखून ठेवतो म्हणाले. दादा हो म्हणाला आणि गेलाच नाही. आई रोज सकाळी त्याचा डबा भरायची आणि दुपारी तोच डबा त्याच्यापुढे उघडून ठेवायची. कसली चिडचिड व्हायची माझी! आणि रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडूही यायचं.

एका दुपारी तो म्हणाला, "कागद घे. मी सांगतो, तू लिही."

मला वाटलं, परत मगर. पण त्यानं सांगितलं की ताकदवाल्याचा हात चिरडतो आणि तीन बोटं जातात.

"कुणाला वाचवताना?" मी विचारलं.

"कुणालाच नाही. उगाच शहीद नको करूस त्याला. साधं काम करताना, अर्धा क्षण नजर दुसरीकडे गेली म्हणून."

मी लिहीत गेले. बाकीचे चौघं ताकदवाल्याला भेटायला येतात नि काय बोलावं ते कुणालाच सुचत नाही. उडणारा पंख्याकडे बघत राहतो. गायब होणारा लाजेनंच गायब होतो. आग ओकणारा दूध तापवून देतो आणि उतू घालवतो. पाचवीला त्याच्या मनातलं सगळं कळतं, म्हणून ती काही न बोलता त्याच्या शेजारी बसून राहते, आणि पहिल्यांदाच तिच्या मनात तिचा स्वतःचा म्हणून एक विचार येतो, की हे ऐकू येणं आपल्याला नको होतं. ताकदवाल्याला सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत. त्याला आई असते, ती लावून देते. शेवटी तो बाजारात जातो आणि मेथीची जुडी घेतो, उजव्या हातानं, दोनच बोटांत धरून. सगळे बघतात. तो हात लपवत नाही. संपलं.

माझ्या हातातलं पेन थांबलं होतं. मी म्हटलं, "दादा, हे चांगलं आहे. खरंच चांगलं आहे रे."

"छापून आलं की मी कामावर जाईन," तो म्हणाला. "आधी तो बाजारात जाऊ दे. कॉलनीतली पोरं वाचतील, त्यांना सवय होईल. मग मला कुणाला काही सांगावं लागणार नाही."

आईनं हे ऐकलं आणि तिनं लगेच त्याचा पांढरा सदरा धुवायला काढला.

मी स्वतः कागद घेऊन शेठकडे गेले. त्यानं उभ्या उभ्या सगळं वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "फार सोसलं गं पोरानं. ठेव. छापतो." बाई, मला तर तिथल्या तिथे त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

पुस्तक छापखान्यात होतं तोवर दादा सुधारला. आधी दारापर्यंत, मग ओट्यापर्यंत. डाव्या हातानं अक्षरं गिरवायला लागला. स्टोअरवाल्यांना त्यानं माझ्याकरवी निरोप धाडला की सोमवारपासून येतो.

शनिवारी पुस्तक आलं. कव्हरावर ताकदवाला दोन्ही हातांनी मालगाडीचा डबा उचलून हसत उभा होता, दहाही बोटं शाबूत. ते ठरलेलंच होतं, त्याचं आम्हाला काही नव्हतं. दादानं शांतपणे पानं उलटली. चौघं भेटायला आले, दूध उतू गेलं, सदऱ्याची बटणं, सगळं जसंच्या तसं. शेवटच्या पानावर मात्र बाजार नव्हता. डोंगरावरून एक साधू आला होता. त्यानं कसल्या पाल्याचा लेप लावला आणि सकाळी तिन्ही बोटं उगवली, पहिल्यापेक्षा बळकट. मग मालगाडी.

दादानं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. मी तशीच, चपला घालून निघाले आणि बस पकडून शेठच्या दुकानात जाऊन धडकले.

"कुणाला विचारून बोटं परत आणलीत?" मी गिऱ्हाइकांसमोर विचारलं.

शेठ दचकलाच. त्याला वाटलं होतं मी पेढे घेऊन आलेय. "अगं, बस तरी. मी स्वतः लिहिलं ते पान. रात्रभर झोप नाही आली मला तुझ्या भावासाठी. कव्हर काय, चिठ्ठी चिकटवून झाकलं असतं. पण छापलेल्या अक्षराला बळ असतं, पोरी. वास्तू तथास्तु म्हणत असते. कहाणीत गेलेलं शेवटी परत येतं, म्हणून तर लोक ती घरात वाचतात. मी त्याला बोटं परत दिली. आशीर्वादच समज."

आणि तो लबाड बोलत नव्हता. हेच तर वाईट. लबाड असता तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. सायखेड्याला, आमच्या गावी, माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा गोदावरीत सोडला होता. आमच्या घरात साधू येत नाहीत, लेप लागत नाही, गेलेलं परत येत नाही, आणि तरी माणसानं उठून कामाला जायचं असतं. हे त्या भल्या माणसाला कसं सांगणार? मी एवढंच म्हटलं, "तुम्ही त्याला बाजारात जाऊ द्यायला हवं होतं." त्याला काही कळलं नाही.

घरी येऊन मी दादाला सगळं सांगितलं. तो चक्क हसला. "जाऊ दे गं. म्हातारा देवभोळा आहे. गोष्ट गेली तर गेली. मी सोमवारी जातोय." आईनं हे ऐकून पदरानं तोंड पुसलं. "लय झाक," एवढंच म्हणाली. आनंद झाला की तिच्या तोंडी सायखेड्याची बोली यायची.

सोमवारी आईनं त्याची बटणं लावली. डबा भरला. दादा ओट्यावर आला, हात बाहेर, अगदी सरळ. मी दारात उभी होते. शेजारच्या घरातली तिसरीतली मुलगी शाळेला निघाली होती. तिच्या दप्तरात ते पुस्तक होतं, कॉलनीतल्या सगळ्याच पोरांकडे होतं. ती थांबली आणि दादाचा हात तिनं जवळून, निरखून बघितला. भ्याली नाही, किळस नाही, काही नाही. उलट तोंडभर हसली.

"अजून आली नाहीत?" तिनं विचारलं.

"काय गं?"

"बोटं."

दादा खाली वाकला. "माझी येत नाहीत गं. ते गोष्टीत असतं."

"पण गोष्ट तर तुम्हीच लिहिलीय ना? तुमचं नाव आहे वर."

दादानं माझ्याकडे बघितलं. मी तिला गप करायला पुढे झाले, पण तो बोलला होता. "हो," तो म्हणाला, "मीच लिहिलीय."

"मग येतील," ती म्हणाली. "मी रोज बघायला येईन." आणि शाळेत पळाली.

रस्त्यावरून पहिल्या पाळीची माणसं सायकलवरून चालली होती, दोघातिघांनी दादाला हाकही मारली. मग तो आत आला आणि आईला म्हणाला, "बटणं काढ."

स्टोअरमधली जागा दुसऱ्याला गेली. दादा डाव्या हातानं झरझर लिहायला शिकला, आणि शेठला पुढची कितीतरी वर्षं दर महिन्याला वेळेवर पुस्तक मिळत गेलं. मी एकेक वाचलंय. त्या पाचांपैकी कुणालाही पुन्हा कधीच काही झालं नाही.