सगळ्यांनी 'व्हय' सांगितलं

सकाळी डेअरीत दूध घालून झालं, तरी चिमणाबाई सरळ घरी जात नसत. रांगेत जे म्हातारं माणूस दिसलं नसेल, त्याच्या दारावर किटलीचं झाकण वाजवून त्या विचारत, "हाईस न्हवं?" आतून "हाय की" असं आलं, की पुढचं दार. कळंब्याच्या तळ्यापलीकडच्या त्या गावातली म्हातारी माणसं त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती, ती उगाच नव्हे.

दीक्षा त्या गावची आशा सेविका. नवी सून म्हणून ती आली, तेव्हा गल्लीतली पहिली हाक चिमणाबाईंची होती. यंदा म्हाताऱ्या माणसांसाठी फ्लूची लस आली आणि दीक्षा दारोदार हिंडली. पण लस थोडी. निम्मी माणसं राहून गेली. चिमणाबाईही राहिल्या. "आदी ह्यास्नी टोचा, मी काय पळून जातीया?" म्हणत त्यांनी आपली पाळी शेजारच्या गणपतरावांना दिली होती.

पुढं किती जणांनी लस घेतली ते मोजायला आरोग्य खात्याचा राजवर्धन नावाचा तरुण शहरातून आला. म्हातारी माणसं एका जागी सापडतात म्हणून सकाळी डेअरीच्या कट्ट्यावरच बसला.

"आजी, वय किती?" त्यानं रांगेत पुढं असलेल्या चिमणाबाईंना विचारलं.

"वय कशाला इचारताय पावणं? लगीन जमवताय काय माजं?"

रांग खो खो हसली.

"यंदा फ्लूची लस घेतली?"

"व्हय."

मागच्यानंही व्हय म्हटलं. त्याच्या मागच्यानंही.

दुपारी चिमणाबाई दीक्षाच्या दारात येऊन बसल्या. चेहरा फुललेला. "तुजी मान खाली जाऊ दिली न्हाय बग. कालच समद्यास्नी सांगून ठेवलंतं, पोरीचं काम तपासाय येणार हाईत, व्हयच म्हणायचं."

दीक्षाच्या हातातलं धुणं तसंच राहिलं. "आज्जी, माजं काम तपासाय न्हवतं कुणी आलं. जितं कमी झाली, तितं उरलेली लस जाणार हाय. आता आपल्या गावाला मिळायची न्हाय."

चिमणाबाई पदराच्या टोकाला पीळ घालत राहिल्या.

"मग आता गं?"

"सांगती त्यास्नी. परत मोजा म्हणती."

"तुलाच बोलतील."

"बोलू देत की."

राजवर्धन पुन्हा यायच्या आधीच चिमणाबाईंना ताप भरला. खोकून खोकून आवाज बसला. तो आला तेव्हा दीक्षानं त्याला आधी तिथंच नेलं. वाकळीखालून हात काढत त्या म्हणाल्या, "माजं पयलं लिवा. घेतली न्हाय. समद्यास्नी खोटं मीच बोलाय लावलं. ह्या पोरीचा काय बी दोष न्हाय." एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. मग राजवर्धन घरोघरी गेला. चिमणाबाईंनी खरं सांगितलंय हे कळल्यावर कुणी आढेवेढे घेतले नाहीत.

त्याच संध्याकाळी त्यांना धाप लागली. शहरातल्या दवाखान्यात फ्लूच निघाला, छातीत उतरलेला. तिथून त्या माघारी आल्या नाहीत.

लस मात्र आली. डेअरीच्याच पटांगणात माणसं बाह्या वर करून बसली होती. एरवी अशा वेळी चेष्टामस्करी चाले, त्या दिवशी नुसती दुधाच्या कॅनांची आदळआपट ऐकू येत होती. दीक्षा एकेकाला हाक मारत होती आणि नर्सबाईंच्या पुढ्यात बसवत होती. गणपतराव आपली लस झालेली असूनही येऊन बसले होते, शेवटचा माणूस उठेपर्यंत.

जाताना त्यांनी दीक्षाला विचारलं, "शेवटाला काय बोलली गं ती? मोजणीचं काय?"

मोजणीचं काहीच बोलल्या नव्हत्या. त्या संध्याकाळी त्यांची सून आणि दीक्षा दोघी धरून त्यांना रिक्षात बसवत होत्या. मान वळवून त्यांनी घराकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "कडी घाल गं दाराला. मांजार आत शिरतंय."