बाळाबाईची उलटतपासणी

बाळाबाई आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढली नव्हती. तरी त्या उन्हाळ्यात भाकरी थापून झाल्या की ती रोज संध्याकाळी वकिली करायला बसायची. कुंभारीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घराच्या ओट्यावर, पदराला हात पुसून, लेकीचा मोबाईल मांडीवर घेऊन. शेजारच्या काशम्मानं एकदा डोकावून विचारलं, "काय बघतीस गं एवढं?" तर ही मान वर न करता म्हणाली, "केस चाललीय. मागनं ये."

हे खूळ लावलं दिपालीनं, तिच्या एकुलत्या एका लेकीनं. दिपाली चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला जायची आणि बसमध्ये मोबाईलवर हा खेळ खेळायची. खेळात आपण वकील. कुणावर तरी चोरीचा नाहीतर खुनाचा आळ आलेला असतो. जागोजागी हिंडून पुरावे गोळा करायचे आणि त्याला सोडवायचं. कोर्टात साक्षीदार येतो, हात वर करून शपथ घेतो, मग साक्ष देतो. त्याचं बोलणं पुराव्याशी जुळत नसेल तर 'हरकत' दाबून अडवायचं, नाहीतर 'मान्य' दाबायचं. अक्षरं इंग्रजी, म्हणून दिपाली वाचून मराठीत सांगायची.

पुरावे हुडकण्यात बाळाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. पलंगाखाली बघ, कोनाड्यात बघ, त्या बाईच्या पिशवीत हात घाल, असं तिचं चालायचं. घोडं अडायचं ते कोर्टात.

पहिलीच केस एका बंगल्यातल्या हाराची होती. आळ आला होता स्वयंपाक्यावर. स्वयंपाकी मान खाली घालून उभा, तोंडातून शब्द काढत नव्हता. साक्षीदार होता बंगल्याचा कारभारी. तो शपथेवर सांगत होता, दिवाणखान्यातल्या घड्याळाचे टोले पडले तेव्हा मी याला खोलीतून बाहेर पडताना पाहिलं.

"आई, ते घड्याळ तर आधीच दुरुस्तीला गेलं होतं. घड्याळजीच्या दुकानात तूच शोधलंस की. मग यानं टोले कुठले ऐकले?"

"आसंल दुसरं घड्याळ."

"दुसरं नाही आई."

"त्यानं शपथ घेतलीया दिपे. शपथ घेऊन कोण खोटं बोलतंय व्हय?"

आणि बाळाबाईनं 'मान्य' दाबलं. स्वयंपाकी तुरुंगात गेला. दुसऱ्या संध्याकाळी गेला, तिसऱ्या संध्याकाळीही गेला. दिपाली डोक्याला हात लावून बसायची आणि बाळाबाई स्वयंपाक्याकडं बघून हळहळायची, पण साक्षीदाराला शब्दानं दुखवायची नाही.

तिचंही चुकत नव्हतं. ती मेंढरं राखणाऱ्या घरातली. माहेर अक्कलकोटच्या खालच्या अंगाला, आणि तिथला सगळा न्याय बिरोबाच्या देवळात व्हायचा. तंटा झाला की पंच बसणार, ज्याच्यावर संशय तो देवापुढचा भंडारा मुठीत उचलून सांगणार, 'मी न्हाय.' एवढं झालं की विषय संपला. त्या पिवळ्या हळदीवर हात ठेवून खोटं बोललं तर डोळे जातात, हे तिला दूध पितानाच कळलं होतं.

आणि याच भंडाऱ्यापायी तिचा सख्खा भाऊ तुटला होता. बरीच वर्षं झाली त्याला. तेव्हा बाळाबाईचा नवरा बसू आणि भाऊ धनाजी दोघं मिळून कळप राखायचे. देवाच्या नावानं सोडलेला मेंढा कळपातून नाहीसा झाला. कुणीतरी बाजारात विकला, असा बोभाटा झाला. पंच बसले. बसूनं भंडारा उचलला. बाकीच्या मेंढक्यांनी उचलला. धनाजीची पाळी आली तेव्हा तो नुसता उभा राहिला. हात खालीच. पंचांनी पुन्हा विचारलं, तरी खालीच. मग काय राहिलं? चोर ठरला. बाळाबाईनं त्या दिवसापासून त्याचं तोंड पाहिलं नाही. पुढं ती नवऱ्याबरोबर कुंभारीला आली, पुढं बसू वारला, तेव्हाही धनाजी दारात येऊन उभा राहिला आणि बाळाबाई आतून बाहेर आली नाही.

आता दिपालीचं लग्न तोंडावर आलं होतं. मंगलाष्टकांच्या आधी 'मुलीच्या मामांनी मुलीला आणावं' असा पुकारा होतो आणि मामा भाचीच्या पाठीशी उभा राहतो. दिपालीला मामा एकच.

"काशम्माचा भाऊ उभा ऱ्हाईल," बाळाबाई म्हणायची.

"तो माझा मामा आहे का?" दिपाली म्हणायची आणि पाणी भरायला निघून जायची. तिला लहानपणी खांद्यावर घेऊन कळपामागं हिंडणारा तो माणूस हवा होता, दुसरा कुणी नको होता. आईपुढं तिचं काही चालत नव्हतं.

एके दिवशी मात्र बाळाबाईला स्वयंपाक्याची फारच दया आली. तिनं कारभाऱ्याच्या चित्राला हात जोडले, "माफ कर बाबा," म्हणाली आणि 'हरकत' दाबलं. घड्याळ पुढं केलं. कारभाऱ्याला घाम फुटला, तो त-त-प-प करायला लागला आणि शेवटी त्यानं कबूल केलं. हार त्यानंच घेतला होता.

बाळाबाई बघतच राहिली. "हात वर केलता की गं ह्यानं."

"केला होता."

"आन् हा सैपाकी का बोलला न्हाय मग? त्याला ठावं होतं?"

दिपालीनं पुढचं वाचलं. "ठाऊक होतं. कारभाऱ्याची बायको त्यानं बहीण मानलेली. म्हणतो, मी बोललो असतो तर तिचं घर मोडलं असतं."

बाळाबाईनं मोबाईल बाजूला ठेवला. ओट्याशी बांधलेल्या शेळीच्या दाव्याशी ती उगाच चाळा करत बसली. तिला बसूचे शेवटचे दिवस आठवले. भिंत चाचपत मोरीकडं जाणारा बसू. डोळे साखरेनं गेले, असं डॉक्टर म्हणाला होता. साखरेनंच गेले असतील. पण तेव्हापासून आजवर तिनं हे दोन धागे कधी एकत्र धरले नव्हते, आणि आता ते सुटेनात.

"धनाला फोन लाव," ती म्हणाली.

दिपालीनं काही न विचारता लावला. नंबर तिच्याकडं होताच.

"अक्का?" पलीकडून आवाज आला.

"धना, त्या दिशी भंडारा का उचलला न्हाईस?"

पलीकडं मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू येत होत्या.

"उचलला आसतास तर तू सुटला आसतास. मग दुसऱ्या कुनाचं तरी नाव निगालं आसतं. व्हय न्हवं?"

"अक्का," धनाजी म्हणाला, "दिपीच्या लग्नाची तारीख कंदी हाय, तेवडं सांग."

बाळाबाईनं पदर तोंडाला लावला. एवढ्या वर्षांनंतरही तो तिच्या घरातल्या माणसाचं नाव घेत नव्हता. तारीख दिपालीलाच सांगावी लागली.

धनाजी लग्नाच्या आधीच आला. घोंगडं खांद्यावर, केस पांढरे झालेले, दारात तसाच उभा, आत यावं की नाही या विचारात. बाळाबाई देवाजवळची भंडाऱ्याची वाटी घेऊन बाहेर आली. वाटी बघून धनाजीचे हात आपोआप मागं गेले.

"तू नगं उचलू," ती म्हणाली. तिनं चिमूट घेतली, टाचा उंचावल्या आणि धाकट्या भावाच्या कपाळभर भंडारा फासला.